ज्युलिएट रोमिओला शोधत नसते

‘रोमिओ, रोमिओ, कुठे आहेस तू?’ स्नेहसंमेलनात ज्युलिएट कपाळावर आडवा हात धरून अंधारात बघते आणि प्रेक्षक हसतात. घोळ एका शब्दाचा आहे. मूळ ओळीत ‘व्हेअरफोर’ आहे आणि शेक्सपियरच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘कुठे’ नव्हे, ‘का’. ती विचारते, तू रोमिओच का? वैऱ्याच्या, माँटेग्यूंच्याच घरातला का? (खरी अडचण आडनावाची, पण बोल लागतो बिचाऱ्या नावाला.) पुढे म्हणतेच, बापाला नाकार, नाव टाक, गुलाबाला दुसरं काही म्हटलं तरी वास तोच. तो खाली बागेतच उभा आहे, हे तिला ठाऊकही नसतं. ‘कुठे’ केलं की दोन घरांचं वैरच गळून पडतं. आणि हो, हा प्रसंग बाल्कनीतला म्हणून ओळखला जातो, पण संहितेत ‘बाल्कनी’ हा शब्दही नाही. आहे ती खिडकी.