काट्यावरचा आकडा बँकेपर्यंत कसा जातो

लासलगावच्या बाजार आवारात कांदा गोणीत भरून येत नाही, ट्रॉलीत मोकळाच येतो. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॅक्टरपाशी थांबतो, बोली लागते, भाव ठरतो आणि गाडी काट्यावर जाते. आधी भरल्या गाडीचं वजन. मग खळ्यावर माल खाली झाला की रिकाम्या गाडीचं. वजाबाकी होते, काटापट्टी निघते, त्यावरून हिशोबपट्टी आणि शेवटी शेतकऱ्याचे पैसे.

समजा, या वाटेवर चार संगणक आहेत. बाजार समितीच्या संगणकात भाव, काट्याच्या संगणकात वजन, व्यापाऱ्याच्या संगणकात हिशोब आणि बँकेत खातं. चौघांचे मालक वेगळे. सॉफ्टवेअर वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या लोकांनी लिहिलेलं. काट्यावर दिसलेला १८ क्विंटल ४० किलो हा आकडा कुणीही हाताने न टिपता उरलेल्या तिघांकडे जायला हवा. कसा जाईल?

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा आहे: थेट जोडणी. काट्याने व्यापाऱ्याच्या संगणकाला हाक मारायची आणि ‘ओ’ येईपर्यंत थांबायचं, त्याने तसंच बँकेसाठी थांबायचं. अडचण अशी की यात चौघंही एकाच वेळी जागे असावे लागतात. प्रत्येक यंत्रणा ९९ टक्के वेळ नीट चालते आणि एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही असं धरलं, तर चारही एकदम चालू असण्याची शक्यता ०.९९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ९६ टक्के. दहा तासांच्या कामात जवळपास २४ मिनिटं साखळी तुटलेली. बँकेचं नेट गेलं म्हणून काटा अडला आणि काट्यामागे ट्रॅक्टर अडले, असा प्रकार.

मेसेज क्यू, म्हणजे संदेशांची रांग, ही एकाच वेळी जागं असण्याची अट काढून टाकते. दोघांच्या मधे तिसरा प्रोग्राम बसतो. त्याला कुणी ब्रोकर म्हणतं, कुणी क्यू मॅनेजर. काटा त्याच्याकडे संदेश ठेवतो, ब्रोकर तो डिस्कवर लिहून ‘मिळाला’ म्हणतो आणि काटा पुढच्या गाडीकडे वळतो. व्यापाऱ्याचा संगणक त्या वेळी बंद असला तरी चालतं. तो सुरू झाला की रांगेतला संदेश उचलतो, त्याचं काम पूर्ण करतो आणि ब्रोकरला पोच देतो. पोच आली की मगच ब्रोकर संदेश पुसतो. नाशिककराला हे गंगापूर धरणावरून लगेच कळेल: पाऊस चार महिन्यांत कोसळतो, नळाला पाणी बारा महिने लागतं, आणि या दोन वेगांची सांगड मधला साठा घालतो.

मात्र प्रत्येक ठिकाणी रांग लावायची नसते. चालू लिलावातली बोली ऑनलाइन घ्यायची ठरवली तर ती रांगेत टाकून उपयोग नाही. आपली बोली वर आहे की नाही हे बोली लावणाऱ्याला त्याच क्षणी कळायला हवं. तिथे थेट हाकच बरी. ‘काम होईल, पण आत्ताच्या आत्ता उत्तर मागू नकोस’ असं जिथे म्हणता येतं तिथली ही वस्तू आहे. उत्साहाच्या भरात सगळंच रांगेवर टाकणारे प्रोग्रामर पुढे ग्राहकाला ‘थोड्या वेळाने बघा’ सांगत बसतात.

आता अवघड भाग. काट्याच्या संगणकाला दोन कामं करायची आहेत: वजन स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंदवायचं आणि संदेश रांगेत ठेवायचा. पहिलं झालं आणि दुसऱ्याआधी वीज गेली तर? वजन नोंदलं गेलं, पण व्यापाऱ्याला कधीच कळलं नाही. क्रम उलटा केला तर भलतंच: व्यापाऱ्याकडे वजन पोचलं, काट्याच्या दप्तरी ते नाहीच. यावरची युक्ती साधी आहे आणि म्हणूनच मला फार आवडते. संदेश थेट ब्रोकरकडे पाठवायचाच नाही. त्याच डेटाबेसात ‘आउटबॉक्स’ नावाचा तक्ता ठेवायचा आणि वजनाची नोंद व संदेश दोन्ही एकाच व्यवहारात लिहायचे. डेटाबेस हमी देतो की दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. मग एक वेगळा छोटा प्रोग्राम त्या तक्त्यातले संदेश उचलून ब्रोकरकडे नेतो.

त्या छोट्या प्रोग्रामने संदेश दिला, ब्रोकरने घेतला, पण ब्रोकरची पोच परतीच्या वाटेवर हरवली, तर? देणाऱ्याच्या नजरेत दोन गोष्टी अगदी सारख्या दिसतात: संदेश पोचलाच नाही, किंवा पोचला पण पोच आली नाही. पुन्हा पाठवावा तर दुप्पट जाण्याची भीती, न पाठवावा तर हरवण्याची. पोचेचीही पोच मागितली तर? मग त्या दुसऱ्या पोचेचं काय? हा प्रश्न संशोधकांनी १९७५ साली मांडला आणि १९७८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचं रूप दिलं. सेनापती दोन टेकड्यांवर, मधल्या दरीत शत्रू, हल्ला एकाच वेळी करायचा आणि निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. उत्तर असं की कितीही निरोप पाठवले तरी दोघांची पक्की खात्री कधीच होत नाही. सिद्धता दोन ओळींची आहे. कमीत कमी निरोपांत काम भागवणारी एखादी रीत आहे असं माना. तिचा शेवटचा निरोप हरवला तरी रीत टिकायला हवी, म्हणजे तो निरोप नसला तरी चालतं. मग ती कमीत कमी निरोपांची कशी?

म्हणून रांगेच्या जगात ‘निदान एकदा तरी पोचेल’ असं वचन मिळतं. ‘अगदी एकदाच पोचेल’ ही जाहिरात दिसली तर तिच्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. दुसऱ्यांदा आलेला संदेश ओळखून टाकून देण्याची सोय कुठे ना कुठे केलेली सापडतेच. ती सोय करणं हे शेवटी घेणाऱ्याचं काम. ‘शेतकऱ्याच्या नावावर १८ क्विंटल ४० किलो वाढवा’ असा संदेश दोनदा आला तर वजन दुप्पट होईल. ‘या क्रमांकाच्या काटापट्टीचं वजन १८ क्विंटल ४० किलो’ असा संदेश दहा वेळा आला तरी काही बिघडत नाही. घेणाऱ्याने काटापट्टीचा क्रमांक आधी पाहिलाय का एवढं तपासायचं. कांद्याच्या पैशांचा सगळा भरवसा त्या एका क्रमांकावर उभा आहे, ब्रोकर कितीही महागडा असो.

यूपीआयने पैसे पाठवल्यावर खात्यातून रक्कम वजा झालेली आणि समोरच्याला मिळालेली नाही, हा अनुभव पुष्कळांना असतो. तिथेही गाभ्यात हीच अनिश्चितता आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा हस्तांतरासाठी व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम आपोआप परत करण्याची मुदत घातली, आणि त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. गणिताने जे कोडं सोडवता येत नाही, त्यावर मुदत आणि दंड हा व्यवहारातला उतारा.

अशा तऱ्हेची सॉफ्टवेअर नवी नाहीत. आयबीएमची एमक्यूसिरीज १९९३ साली आली. आज ती आयबीएम एमक्यू या नावाने बँकांमध्ये वापरात आहे. त्याआधी, १९८० च्या दशकात, मूळचे मुंबईचे विवेक रणदिवे यांनी वॉल स्ट्रीटच्या शेअर दलालांसाठी माहितीची ‘बस’ उभी केली होती: भाव एकाने बोलायचा, ज्याला हवा त्याने ऐकायचा. पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे लिंक्डइनमधल्या दोन सहकाऱ्यांसह काफ्का या संदेश वाहणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जनक. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. काफ्कात वाचलेला संदेश लगेच पुसला जात नाही. ती ओळीने भरत जाणारी वही आहे आणि प्रत्येक वाचणारा आपण कुठल्या ओळीपर्यंत आलो ते लक्षात ठेवतो. वही अनेक भागांत विभागता येते. मात्र क्रमाची हमी एका भागापुरतीच. म्हणून एका गाडीचे सगळे संदेश एकाच भागात जातील असं बघावं लागतं, नाहीतर रिकाम्या गाडीचं वजन भरल्या गाडीच्या आधी येऊन बसेल.

एमक्यूसिरीजला सुरुवातीपासून आणखी एक काम होतं, ते म्हणजे दुभाष्याचं. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत इंग्रजी ‘ए’ १९३ या अंकाने लिहितात, बाकीच्या संगणकांत ६५ ने. आपल्याकडे हे दुखणं मराठी नावांत निघतं. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेलं नाव संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीच्या रूपात असतं; फाँट सोबत नसेल तर समोर तीच गिचमीड येते. प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे सोडवलं, पण ते क्रमांक साठवण्याच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वर’ या नावात जोडाक्षरांचे हलन्त आणि काना-मात्रा धरून दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून नावाचा रकाना ३० बाइटचा केला असेल, तर वडिलांच्या नावाला आणि आडनावाला जागाच उरत नाही.

असे न पचणारे संदेश रांगेच्या तोंडाशी अडकतात. घेणारा प्रोग्राम वाचायला जातो, कोसळतो, पोच देत नाही. ब्रोकर इमानेइतबारे तोच संदेश पुन्हा देतो, प्रोग्राम पुन्हा कोसळतो. मागे शेकडो चांगले संदेश ताटकळतात. प्रोग्रामर अशांना विषारी संदेश म्हणतात. ठरावीक वेळा प्रयत्न फसला की असा संदेश उचलून ‘डेड लेटर क्यू’त, म्हणजे न पचलेल्या संदेशांच्या वेगळ्या रांगेत, टाकतात. काट्याने वजन किलोत पाठवलं आणि घेणाऱ्याने ते क्विंटल समजून ‘एका ट्रॉलीत १,८४० क्विंटल शक्य नाही’ म्हणून नाकारलं, तर तो तिथेच जाईल, आणि ते बरंच. एकक संदेशातच लिहिलेलं असावं आणि अशक्य आकडा अडवला जावा, हे दोन नियम ब्रोकरच्या निवडीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत असं माझं मत. पण ती डेड लेटर रांग रोज सकाळी उघडून बघायला माणूस नेमावा लागतो. तो कुणी नेमत नाही.

रांग वाढते कधी? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एर्लांग यांनी १९०९ पासून हे गणित मांडलं; रॅबिटएमक्यू हा लोकप्रिय ब्रोकर ज्या भाषेत लिहिलाय तिला त्यांचंच नाव आहे. संदेश अनियमितपणे येत असतील तर, साध्या प्रतिमानात, यंत्रणा निम्मी व्यग्र असताना आत सरासरी एक संदेश असतो, ९० टक्के व्यग्र असताना नऊ, ९५ टक्क्यांना १९. काम पाच टक्क्यांनी वाढतं आणि गर्दी दुपटीवर जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद होते. अशा बंदनंतर बाजार उघडतो तेव्हा रोजच्या सरासरीवर बेतलेली यंत्रणा पुरत नाही.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र इथे कामाला येतं: रांगेतले सरासरी संदेश म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. ताशी १२० काटापट्ट्या येत असतील आणि रांगेत सरासरी ३० दिसत असतील, तर प्रत्येक पट्टी पाव तास थांबतेय. मात्र फळ्यावर रांगेची लांबी लावून समाधान मानू नये. बंदच्या दुसऱ्या दिवशी तीनशेची रांग भराभर सरकत असेल तर काळजीचं कारण नाही. तीनच संदेश असतील आणि त्यातला एक सकाळपासून पडून असेल, तर कुणाचे तरी पैसे अडकलेत. सर्वांत जुना संदेश किती वेळ थांबलाय, धोक्याची घंटा त्या आकड्याला बांधावी.