लसणाची पाकळी गिळून विसराळूपणा जातो?

सांगलीत आमच्या गल्लीतल्या काकू रोज पहाटे लसणाची अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळतात. का, तर "मेंदू तल्लख राहतो, म्हातारपणी विसरायला होत नाही." हे ऐकत ऐकत माझे केस पिकले.

आधी गिळण्याचंच बघू. लसणातल्या ज्या ॲलिसिन नावाच्या द्रव्याचं एवढं कौतुक, ते अख्ख्या पाकळीत नसतंच. १९४४ मध्ये ते शोधलं गेलं ते ठेचलेल्या लसणात. पाकळी ठेचली, चिरली की आतलं ॲलिइन नावाचं द्रव्य आणि एक एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) एकत्र येतात, त्यातून ॲलिसिन तयार होतं, आणि मग तो झणझणीत वास सुटतो. न चावता गिळलेली पाकळी पोटातल्या आम्लात गेली की ते एन्झाइम निकामी होतं. ठेचून लगेच गरम तेलात टाकली तरी तेच. म्हणून खलबत्त्यात ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग फोडणीला घाला. आजीच्या हातचा ठेचा या हिशोबात पहिला येतो, बरं का!

आता मेंदू. मुरवलेल्या लसणाच्या अर्काचे उंदरांवरचे प्रयोग आशादायक आहेत, पण लसणाने माणसाचा अल्झायमर टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. लसणाने रक्तदाब थोडा उतरतो, आणि वाढलेला रक्तदाब मेंदूला घातक, एवढा धागा खरा. पण म्हणून बीपीची गोळी बंद करून लसूण सुरू करू नका.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मिरजेला ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर लसणाच्या कॅप्सूलचं डॉक्टरांना आधी सांगा. रक्तस्राव वाढू शकतो. भाजीतला लसूण खुशाल खा.