जमिनीतल्या स्विमिंग पूलचं एस्टिमेट

बंगल्याच्या नाहीतर फार्महाऊसच्या आवारात खड्डा खणून बांधलेल्या पक्क्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पूलला किती खर्च येईल हे काम सुरू व्हायच्या आधी काढणं, म्हणजे पूलचं एस्टिमेट. लोणावळा, कर्जत, अलिबाग पट्ट्यात लोकांचा पहिला प्रश्न "स्क्वेअर फुटाला काय रेट?" आणि तिथंच घोळ होतो, कारण खर्च वरच्या पाण्यापेक्षा खालच्या जमिनीवर जास्त ठरतो.

समजा पूल 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल आहे. पाणी झालं साधारण 45 हजार लिटर, म्हणजे दहा हजारवाले साडेचार टँकर. पण खड्डा तेवढाच नसतो ना, भिंतींची जाडी, बाहेरून सेंटरिंगला (काँक्रीट ओतायच्या साच्याला) जागा, खाली सोलिंग-पीसीसी (दगडांचा थर आणि त्यावर बिनसळईचं काँक्रीट) असं सगळं धरलं की तो 10 बाय 6 बाय 1.8 मीटरवर जातो, म्हणजे 108 घनमीटर, साइटवरच्या भाषेत 38 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). मुरूम असला तर जेसीबी भराभर उरकतो, पण काळा पाषाण लागला की दगड फोडणारा ब्रेकर तासाच्या भाड्यावर चालतो आणि आकडा हाताबाहेर जातो. म्हणून आधी दोन मीटरचा एक ट्रायल खड्डा घेऊन बघायचा आणि कोटेशनमध्ये माती, मुरूम, दगड यांचे रेट वेगवेगळे लिहून घ्यायचे.

तळ आणि भिंती 20 सेंटीमीटरच्या धरल्या तर काँक्रीट 14 घनमीटरच्या वर, घनमीटरला 100 किलो सळई धरून स्टील जवळपास दीड टन. टाइल 706 चौरस फूट भरते, तुटफूट धरून 780 मागवायची. सहा तासांत सगळं पाणी फिल्टरमधून एकदा फिरवायचं तर पंप ताशी साडेसात हजार लिटरचा. काठावरून पाणी वाहणारा ओव्हरफ्लो पूल हवा असेल तर ते वाहिलेलं पाणी साठवणारा बॅलन्सिंग टँक वेगळा, स्किमरवाल्याला (भिंतीतल्या तोंडातून वरचं पाणी ओढून घेणाऱ्या पूलला) तो लागत नाही.

पावसाळ्याचा खर्च मात्र बहुतेक जण विसरतात. अलिबागसारख्या ठिकाणी जमिनीतलं पाणी पार वरपर्यंत येतं. वरच्या मापाच्या पूलचं रिकामं काँक्रीटचं भांडं टाइल-प्लास्टरसकट 40 टनांच्या आसपास भरतं, आणि पाणी काठापर्यंत चढलं तर त्याला वर ढकलणारा जोर 59 टन! म्हणजे रिकामा पूल चक्क होडीसारखा उचलला जातो, तळाला तडे जातात. त्यासाठी खालून ड्रेन, प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब वाढला की उघडणारी झडप) किंवा जाड स्लॅब लागतो, ते आरसीसी कन्सल्टंटकडून ठरवून घ्यायचं, त्याची फीसुद्धा एस्टिमेटमध्येच धरायची.

लमसम (सगळं मिळून एकच आकडा) कोटेशनमध्ये डंपरने माती हलवणं, पंपरूम, लाइटचं कनेक्शन, भोवतालचा डेक, जीएसटी हे बऱ्याचदा नसतंच. टाइल लावायच्या आधी पूल भरून गळती बघतात, त्या टँकरचे पैसे कोण देणार हेही आधीच विचारायचं, नंतर त्यावरून हमखास वाजतं.