हेझल हॉचकिस वाइटमन

(२० डिसेंबर १८८६ – ५ डिसेंबर १९७४). अमेरिकन टेनिसपटू आणि ‘वाइटमन चषक’ या महिलांच्या सांघिक स्पर्धेची जनक. जन्म कॅलिफोर्नियातील हील्ड्सबर्ग येथे. लहानपणी प्रकृती नाजूक असल्याने डॉक्टरांनी मोकळ्या हवेत खेळण्याचा सल्ला दिला होता.

कुटुंब पुढे बर्कलीला राहायला आले. घरामागचे अंगण खडबडीत होते आणि टप्पा पडलेला चेंडू कुठेही उडायचा. म्हणून हेझल आणि तिचे भाऊ चेंडू जमिनीला टेकू न देता परतवत. त्या काळी बहुतेक स्त्रिया मागच्या रेषेवरून खेळत. हेझल मात्र जाळीजवळ येऊन हवेतच चेंडू मारू लागली आणि हीच तिची ओळख ठरली. बर्कलीच्या विद्यापीठातील कोर्टवर सकाळी आठनंतर मुलींना मज्जाव होता, त्यामुळे ती सहालाच हजर असे.

१९०९ साली फिलाडेल्फियात तिने अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी ही तिन्ही विजेतेपदे मिळवली. १९१० आणि १९११ मध्येही तिन्ही तिच्याकडेच राहिली. १९११ची एकेरीची अंतिम लढत फ्लॉरेन्स सटनविरुद्ध ८-१०, ६-१, ९-७ अशी रंगली. त्याच वर्षी ती पदवीधर झाली आणि १९१२ मध्ये जॉर्ज वाइटमन यांच्याशी विवाह करून बॉस्टनच्या परिसरात स्थायिक झाली. आई झाल्यावर बाईंचा खेळ संपला असे मानणाऱ्या त्या काळात १९१९ साली तिने एकेरीचे विजेतेपद पुन्हा जिंकले. हे यश आधीच्या तिन्ही वर्षांपेक्षा मोठे मानावे लागेल.

पुरुषांच्या डेव्हिस चषकासारखी देशादेशांच्या संघांची स्पर्धा स्त्रियांसाठीही हवी, या ध्यासातून तिने चांदीचा एक कलश देऊ केला. काही वर्षे त्या कल्पनेला पाठबळ मिळाले नाही. अखेर १९२३ मध्ये न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्सच्या नव्या स्टेडियममध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिली लढत झाली. पाच एकेरी आणि दोन दुहेरी अशा सातही सामन्यांत अमेरिका विजयी झाली. ही स्पर्धा १९८९ पर्यंत चालली. कलशाला लोकांनी तिचेच नाव दिले.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तिने दोन सुवर्णपदके जिंकली : दुहेरीत हेलन विल्ससोबत आणि मिश्र दुहेरीत नॉरिस विल्यम्ससोबत. विल्यम्स हे टायटॅनिकच्या दुर्घटनेतून वाचलेले खेळाडू. त्यांचा घोटा दुखावला होता. तिने त्यांना जाळीजवळ उभे केले आणि मागचे सारे कोर्ट स्वतः सांभाळले. अंतिम सामना ६-२, ६-३ असा सुटला.

तिची राष्ट्रीय विजेतेपदे एकूण ४५. शेवटचे १९५४ मधले, ज्येष्ठ महिलांच्या दुहेरीतले. पण त्याहून मोलाचे काम बॉस्टनजवळच्या चेस्टनट हिलच्या तिच्या घरात झाले. तिथल्या लॉंगवुड या टेनिस क्लबवर स्पर्धा असली की बाहेरगावच्या होतकरू मुली तिच्या घरीच मुक्कामाला उतरत. हेलन विल्स आणि सेरा पाल्फ्री या टेनिसपटूंनाही तिचे मार्गदर्शन लाभले. घराजवळच्या गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारून सराव करायला पोरे येत, आणि वाइटमनबाई त्यांच्याकडून पैसे घेत नसत.