शेततळं हिरवं व्हायच्या आधी तणस टाका

एप्रिल-मे महिन्यात शेततळ्यावर हिरवी साय धरली की संत्रा बागायतदाराचा हात आधी मोरचुदाकडे (कॉपर सल्फेट) जातो. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी ते घरात असतंच. आमची कळकळीची विनंती आहे, ते तळ्यात टाकू नका. मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ यकृताला बाधणारं विष पेशीत धरून असू शकतं. मोरचुदाने पेशी फुटल्या की ते एकदम पाण्यात उतरतं. वरून मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तोंड वर काढायला लागतात.

आधी शेवाळ ओळखा. काचेच्या बरणीत तळ्याचं पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल, तर ते बहुधा निळं-हिरवं शेवाळ आहे. तळ्यात काडी फिरवल्यावर तिला केसांसारखे धागे गुंडाळले जात असतील, तर ते साधं शेवाळ. हाताने ओढून काढता येतं. थर वर आलेलं पाणी जनावरांना पाजू नका. उकळूनही हे विष जात नाही.

तणस, म्हणजे धानाचं वाळलेलं काड, शेवाळ मारत नाही, नवीन वाढू देत नाही. हवेशीर पाण्यात कुजताना त्यातल्या लिग्निन या काष्ठद्रव्यापासून पॉलिफेनॉलसारखी द्रव्यं सुटतात आणि ती शेवाळाची वाढ रोखतात. ब्रिटनमध्ये यासाठी जवाचं काड वापरतात. धानाच्या तणसानेही मायक्रोसिस्टिसची वाढ रोखल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपल्याकडे जव कुठे मिळणार? म्हणून आम्ही भंडारा-गोंदियाकडचं कोरडं तणस कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत सैल भरून देतो.

जवाच्या काडाचं प्रमाण दर चौरस मीटरला साधारण २५ ग्रॅम आहे, तेच आम्ही धरतो. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला साडेबावीस किलो पुरतं. त्याहून जास्त टाकू नका, जास्तीचं तणसही प्राणवायू खातं. पिशवीला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधा, म्हणजे ती पृष्ठभागाजवळ राहील. गाळात बसलेलं तणस नुसतं सडतं. थंडी ओसरताच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाका. गुण यायला काही आठवडे लागतात. तळं हिरवंगार झाल्यावर आमच्याकडे आलात, तर त्या हंगामापुरतं आम्ही तणस विकणार नाही.

प्रत्येक तळ्यात सारखाच गुण येत नाही. शेणाचं आणि खताचं पाणी तळ्यात उतरत असेल, तर आधी बांधावर चर काढून ते वळवा. सहा महिन्यांनी पिशव्या काढा. कुजलेलं तणस खतात जातं.