जेट, क्लच आणि टर्बो: स्नोमोबिलच्या ताकदीच्या वादामागची गोष्ट

अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या स्नोमोबिलवाल्यांच्या गॅरेजांत दर हिवाळ्याच्या तोंडाशी एक जुना वाद उकरून काढला जातो. हाताशी असलेले डॉलर नव्या एक्झॉस्ट पाइपवर, टर्बोवर (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या यंत्रावर), ईसीयूच्या म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या मॅपवर घालायचे, की बेल्ट-क्लच आणि ट्रॅक (गाडीखाली फिरणारा रबरी पट्टा) नीट लावून इंजिनात आहे ती ताकद बर्फापर्यंत पोहोचवायची? कंपन्या स्वतःच 180 हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक टर्बो स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, शोरूममध्ये उभी करू लागल्यापासून हा वाद आणखी तापला आहे. दोन्ही बाजू ज्या सवयींवर उभ्या आहेत त्या मात्र 1990च्या दशकात पडल्या, त्यामुळे तिथेच जास्त थांबावे लागेल.

त्याआधीचे थोडक्यात. क्यूबेकमधल्या वॅलकोर्टहून 1959 मध्ये बाजारात आलेल्या हलक्या स्लेडला 7 हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक इंजिन होते. पुढे टू-स्ट्रोक आले, 1971च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या घरात स्लेड विकल्या जात होत्या, आणि बनवणाऱ्या कंपन्या शंभराच्या वर होत्या. दहा वर्षांत त्यांतल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. याच दशकातली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते: फेब्रुवारी 1975 नंतर बनलेल्या प्रमाणित स्लेडचा आवाज पूर्ण थ्रॉटलवर, 50 फुटांवरून मोजला तर 78 डेसिबलच्या आत ठेवण्याचे उद्योगाने मान्य केले.

आता नव्वदीकडे. तेव्हाची नेहमीची स्लेड म्हणजे कार्ब्युरेटरवर चालणारे, प्रत्येक सिलिंडरला वेगळे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) असणारे टू-स्ट्रोक इंजिन. थंडी वाढली की हवा दाट होते, तेवढ्याच घनफळात ऑक्सिजन जास्त येतो, म्हणून पेट्रोलही जास्त लागते आणि मेन जेट मोठा घालावा लागतो. डोंगर चढला की याच्या उलट. सकाळी उणे 30 अंश आणि दुपारी उणे 5 असेल, तर एकाच दिवसात दोन वेगळे जेट बरोबर ठरत. ज्याने दुर्लक्ष केले त्याचे मिश्रण 'लीन' (पेट्रोल कमी, हवा जास्त) व्हायचे, आणि तळ्याच्या बर्फावर लांब पल्ला पूर्ण थ्रॉटलने मारताना पिस्टनला भोक पडायचे. म्हणून थांबल्यावर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघणे हा जवळजवळ धर्म होता: तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर लगेच जेट बदला. महाराष्ट्रात टू-स्ट्रोक स्कूटर आणि मोपेड चालवलेल्या पिढीला यातले काहीच नवे वाटणार नाही. फरक इतकाच की तिकडे चूक झाली तर माणूस गावापासून वीस मैलांवर, गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर उभा असायचा.

ट्यूनिंग म्हणजे काय, हे त्या पिढीच्या डोक्यात यातूनच पक्के झाले. कारखान्याने दिलेली ताकद आजच्या तापमानात, आजच्या उंचीवर परत मिळवणे म्हणजे ट्यूनिंग. ताकद वाढवणे ही वेगळी गोष्ट होती आणि तिला 'मॉड' म्हणत.

याचा दुसरा अर्धा भाग क्लचचा, आणि तो जेटइतकाच महत्त्वाचा असूनही त्याच्याकडे लक्ष कमीच जाई. स्लेडला गिअर नसतात. इंजिनाच्या टोकाला प्रायमरी क्लच, त्यात वजने आणि स्प्रिंग. पलीकडे सेकंडरी, त्यात स्प्रिंग आणि तिरकस कापाचा हेलिक्स. दोन्हींमध्ये रबराचा रुंद बेल्ट. पूर्ण थ्रॉटल दाबल्यावर या जोडीने एकच काम करायचे असते: वेग कितीही बदलो, इंजिन त्याच्या कमाल ताकदीच्या आरपीएमवर धरून ठेवायचे. टू-स्ट्रोकचा ट्यून्ड एक्झॉस्ट पाइप फार अरुंद पट्ट्यात ताकद देतो. एखादे इंजिन 8,000वर शिखर गाठत असेल आणि वजने जड असल्यामुळे क्लच त्याला 7,600वर अडवत असेल, तर कागदावरचे कितीतरी हॉर्सपॉवर त्या स्लेडला कधी दिसतच नाहीत.

बेल्ट झिजून एक-दोन मिलिमीटर अरुंद झाला की हे गणित बिघडते. वजनांच्या पिनांची बुशिंग झिजली, क्लचच्या थाळ्यांवर रबराचा थर चढला, इंजिनाचे माउंट सैल होऊन दोन क्लच एका रेषेत राहिले नाहीत, तरी बिघडते. एक्झॉस्टमधले पॉवर व्हॉल्व्ह कार्बनने चिकटले की वरच्या आरपीएमवर इंजिन मेल्यासारखे वाटते, आणि मालकाला खात्री पटते की आता मोठे इंजिन घ्यायला हवे. ट्रॅक जास्त ताणलेला, चेनकेसमधले तेल जुने, रुळांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या जळालेल्या: यांतला प्रत्येक दोष इंजिनाच्या कमाईतून आपला वाटा आधीच कापून घेतो. इंजिनाच्या शाफ्टवर मोजलेली ताकद आणि ट्रॅकवर मोजलेली ताकद यांत चांगल्या अवस्थेतल्या स्लेडमध्येही मोठी तफावत असते. दुर्लक्षित स्लेडबद्दल बोलायलाच नको.

पण नव्वदीत चर्चा व्हायची ती ट्रिपलची. 1993 मध्ये 900 सीसीची, तीन सिलिंडरची, दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपासची स्लेड बाजारात आली आणि तळ्यावरच्या सरळ शर्यतींची भाषाच बदलली. 1998च्या मॉडेलमध्ये तेच इंजिन हजार सीसीचे झाले. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप, नाक इतके जड की वळणावर स्की बर्फात ढकलत सरळच जायची. नाकापेक्षा मोती जड, हे इथे अगदी शब्दशः. जंगलातल्या वळणावळणाच्या ट्रेलवर 600 सीसीची नीट लावलेली ट्विन (दोन सिलिंडरची स्लेड) या राक्षसांना सहज मागे टाकते हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी विकत घेताना डोळा मोठ्या आकड्यावरच जायचा, कारण बढाई आकड्याचीच मारता येते.

याच काळात न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या एका स्वतंत्र डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) कोऱ्या स्लेड मोजल्या जाऊ लागल्या. मासिकांतले, माहितीपत्रकांतले दावे आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी-शेजारी आले. काही कंपन्यांनी हॉर्सपॉवर छापणेच टाळले आणि '600 क्लास', '800 क्लास' असे सीसीवर बोट ठेवणारे शब्द पुढे केले. माझ्या मते डायनोने दोन परस्परविरोधी कामे केली. खोटेपणा उघडा पाडला, आणि त्याच वेळी तीन-चार हॉर्सपॉवरच्या फरकासाठी जीव टाकणारा ग्राहकही तयार केला. डायनोच्या तक्त्याला हवेच्या घनतेची दुरुस्ती लावलेली असते, इंजिन क्लचपासून सोडवलेले असते. तो तक्ता घेऊन माणूस तळ्यावर जातो आणि तीच ताकद शोधतो.

पुढचा बदल सरकारी नियमांनी घडवला. अमेरिकेत 2002 मध्ये करमणुकीच्या वाहनांसाठी उत्सर्जनाचे नियम निघाले. स्नोमोबिलना 2006च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड सुमारे 30 टक्क्यांनी कमी करायचे होते, पुढच्या टप्प्यांत आणखी. त्याच सुमारास यलोस्टोन उद्यानात हिवाळी वाहतुकीवरून कोर्टकज्जे चालू होते. तिथे नुसता आकडा कापून भागणार नव्हते. 'उपलब्ध सर्वोत्तम तंत्रज्ञान' या नावाखाली 73 डेसिबलची आणि धुराची इतकी कडक मर्यादा आली की तेव्हाची कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक तिथे बसणेच शक्य नव्हते. फोर-स्ट्रोक परतले, आणि ते फक्त शांत पर्यटनापुरते नाही: 2003च्या मॉडेलमध्ये 998 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन 140 हॉर्सपॉवरच्या पलीकडे गेले. टू-स्ट्रोकमध्ये आधी सेमी-डायरेक्ट आणि 2009च्या मॉडेलपासून डायरेक्ट इंजेक्शन आले.

यात एक गोष्ट हळूच घडली. तापमान, हवेचा दाब, एक्झॉस्टची उष्णता, नॉक (सिलिंडरमधला अवेळी स्फोट), सगळे सेन्सर वाचू लागले आणि इंधन आपोआप ठरू लागले. जेटचा डबा खिशातून गेला. बरेच झाले, कारण त्या डब्यापायी फुटलेल्या पिस्टनांचे ढीग लागले होते. पण सकाळी इंजिनापाशी घालवायची ती पंधरा मिनिटेही त्याच्याबरोबर गेली. त्या पंधरा मिनिटांत माणूस बेल्ट बघायचा, ट्रॅकचा ताण दाबून बघायचा, क्लचवर हवा मारायचा. इंजेक्शनवाल्या स्लेडचा मालक हूड उघडतो तो थेट बेल्ट फुटल्यावर. ट्यूनिंगचा अर्थही घसरला. आता ट्यून म्हणजे लॅपटॉप जोडून ईसीयूत घातलेली फाइल, आणि तिचा उद्देश एकच, आकडा वाढवणे.

2017च्या मॉडेलमध्ये आलेली 998 सीसीची तीन सिलिंडरची फोर-स्ट्रोक टर्बो हा या रस्त्यावरचा मोठा टप्पा. कंपनीच्या भाषेत ती '180 क्लास'. स्वतंत्र डायनोवर ती 200च्या वर निघाली. आता क्लास हा शब्द सीसीवरून हॉर्सपॉवरवर आला होता आणि तोही मुद्दाम कमी सांगणारा. काही महिन्यांत फाइल बदलून या इंजिनातून अडीचशेच्या पुढे काढणारे निघाले. मग बेल्ट फुटू लागले, आणि बेल्ट फुटला की त्याच्या दोऱ्या क्लचमध्ये गुंडाळून बसतात. तेव्हा जुन्या क्लचवाल्यांचे दिवस पुन्हा आले: वजने, हेलिक्स, दोन क्लचची रेषा. ताकद वाढवायला निघालेले लोक पैशाची मोठी वाट लावून शेवटी त्याच बाकावर येऊन बसले.

आणि मग 2020ची सुरुवात. या एका निर्णयावर अजून भांडणे होतात, म्हणून तो नीट बघू.

डोंगरात, म्हणजे कोलोरॅडो, वायोमिंग, आयडाहो, ब्रिटिश कोलंबियात, साधे इंजिन दर हजार फुटांमागे ढोबळमानाने तीन टक्के ताकद गमावते. 8,000 फुटांवर जवळपास चौथा हिस्सा गेलेला असतो. (आपल्याकडचे लोक गुलमर्गला ज्या स्नोमोबिलवर बसून फोटो काढतात तिचीही हीच गत, तिथे बर्फाचा पायथाच साडेआठ हजार फुटांवर आहे.) म्हणून डोंगरातले लोक वर्षानुवर्षे बाहेरून टर्बो किट बसवून घेत. त्यांतून 200 हॉर्सपॉवर सहज निघायचे, पण महागडे रेसिंग पेट्रोल घाला, वॉरंटी विसरा, आणि हंगामात एखादे इंजिन खोलायची तयारी ठेवा.

अशा वेळी एका मोठ्या कंपनीने टू-स्ट्रोक स्नोमोबिलवर कारखान्यातूनच टर्बो बसवून दिला, जगात पहिल्यांदा. पंपावरच्या 91 ऑक्टेनवर चालणारा, वॉरंटीसह. आणि ताकद किती? 165 हॉर्सपॉवर. त्याच 850 सीसीच्या साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाचा दावाही 165चाच होता. टर्बो फक्त एवढेच करत होता की समुद्रसपाटीला मिळणारे 165 ते 8,000 फुटांपर्यंत टिकवून धरत होता. तिथे साधे इंजिन सव्वाशेच्या आसपास आलेले असते, म्हणजे वर 40 हॉर्सपॉवरचा फायदा आणि खाली शून्य.

एका बाजूने ओरड झाली की ही लबाडी आहे. टर्बोचे पैसे घ्यायचे आणि दाबाला लगाम घालायचा, म्हणजे पुढच्या दोन वर्षांत तोच लगाम सैल करून नवे मॉडेल विकायचे. ही शंका पूर्ण खोटी ठरली नाही. 2023च्या मॉडेलमध्ये त्याच मालिकेत 180ची आवृत्ती आलीच. दुसरी बाजू म्हणत होती की क्रँक, बेल्ट, ट्रॅक हे सगळे 165साठी बनलेले आहे, त्यापलीकडे गेलात तर डोंगराच्या मागच्या अंगाला अडकून पडाल, आणि तिथून स्लेड ओढून आणणे म्हणजे हेलिकॉप्टर.

मला यात लबाडीपेक्षा दुसरे काही दिसते. उंचीनुसार जेट बदलणारा नव्वदीतला माणूस जे करत होता तेच या टर्बोने केले: हरवलेली ताकद परत आणली, नवी आणली नाही. कारखान्याने पहिल्यांदा टू-स्ट्रोकवर टर्बो बसवला तो मॉडवाल्यांच्या बाजूने नव्हे, जुन्या ट्यूनरच्या बाजूने. म्हणूनच मॉडवाल्यांना तो इतका झोंबला. सोय आणखी एक झाली. साध्या इंजिनाला उंची बदलली की क्लचची वजने बदलावी लागतात, कारण ताकद घटली की तीच वजने इंजिनाला दाबून टाकतात. ताकद स्थिर राहिली तर एकच क्लच सेटिंग पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालते.  माझ्या लेखी विक्रीच्या जाहिरातीत हा मुद्दा पहिला असायला हवा होता.

टर्बो न घेणाऱ्यांसाठी जुना हिशेब तसाच आहे. डीलरकडे उंचीनुसार क्लचचा तक्ता असतो: अमुक फुटांवर अमुक ग्रॅमची वजने, अमुक स्प्रिंग. पूर्ण संच पाइपच्या किमतीच्या मानाने किरकोळ पडतो. तरी डोंगरात नवी स्लेड घेऊन गेलेले कित्येक जण पहिला खर्च सायलेन्सर काढून 'कॅन' (मोठ्या आवाजाचा बाहेरचा सायलेन्सर) बसवण्यावर करतात. त्याने दोन-तीन हॉर्सपॉवर वाढतात किंवा तेवढेही नाही, आवाज मात्र 1975 पासून सांभाळलेल्या मर्यादेच्या पार जातो. मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या मिडवेस्ट पट्ट्यात याची किंमत वेगळ्या रीतीने वसूल होते. तिथले बहुतेक ट्रेल खासगी शेतांतून जातात आणि शेतकऱ्याच्या तोंडी परवानगीवर टिकून असतात. रात्री अकरा वाजता खिडक्या हलवणारा एक जण गेला की पुढच्या हंगामात त्या कुंपणावर 'बंद' अशी पाटी लागते, आणि क्लबच्या स्वयंसेवकांना आठ मैलांचा वळसा शोधत फिरावे लागते.

मधल्या काळात बाजारही आकसला. फोर-स्ट्रोकला स्लेडच्या जगात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या जपानी कंपनीने 2025च्या मॉडेलनंतर हा धंदा सोडायचे ठरवले. नव्या स्लेडच्या किमती इतक्या चढल्या आहेत की दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या स्लेडच अनेकांच्या आवाक्यात उरतात, आणि त्यांना आधी लागतात ते नवे क्लच बुशिंग, योग्य रुंदीचा बेल्ट आणि स्वच्छ पॉवर व्हॉल्व्ह.