वास रात्रीच का येतो?

नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोलीच्या लोकांना हे सांगायला नको. थंडीच्या दिवसांत रात्री अकरानंतर कधी सडक्या अंड्यासारखा, कधी थिनरसारखा वास घरात शिरतो आणि सकाळी दहाला मागमूसही नसतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो : ‘अंधाराचा फायदा घेऊन गॅस सोडतात.’ सोडत असतीलही. पण कारखाना दिवसरात्र सारखाच चालला तरी वास रात्रीच जास्त येईल, अशी इथली जागाच आहे.

टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) हा इथला औद्योगिक पट्टा ठाणे-बेलापूर रस्ता आणि पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये आहे. वस्ती रस्त्याच्या पश्चिमेला, तिच्या पलीकडे खाडी. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो आणि रबाळे, महापे, पावण्याचा धूर डोंगराकडे ढकलतो. रात्री जमीन समुद्राहून लवकर थंडावते, वारा उलटतो आणि डोंगरउतारावरची गार हवा कारखान्यांवरून वस्तीत उतरते. त्यात थंडीतल्या निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण पडावं तसा वायू खालीच कोंडतो. ऊन चढलं की झाकण निघतं.

अशा रात्री फोनवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक बघून काही हाती लागत नाही. भारताच्या निर्देशांकात आठ प्रदूषक धरले जातात; सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड त्यांत नाही. गॅलरीत टांगायचा स्वस्त सेन्सर प्रकाश टाकून धूळकण मोजतो, त्याला हा वायू दिसतच नाही. उलट दमट हवेत तो धुळीचा आकडा फुगवून सांगतो. वर्गणी काढून तो घेण्याआधी सोसायट्यांनी जरा थांबावं, असं माझं मत आहे.

नाक मात्र हा वायू हवेच्या एक अब्ज भागांत जेमतेम काही भाग असला तरी ओळखतं. पण त्याच वासात थोडा वेळ बसलं की ते बधिर होतं. दशलक्षात १०० भागांच्या आसपास तर वास कळेनासाच होतो आणि तिथे जिवाला धोका असतो. म्हणून वास ‘गेला’ असं घरात बसलेल्याने ठरवू नये. बाहेरून आलेल्याला विचारावं.

वेगवेगळ्या इमारतींतल्या पाच-सहा घरांनी मिळून वासाच्या नोंदींची वही घातली, तर तिची एक ओळ अशी असेल : ‘रात्री ११.४०, सहावा मजला, सडकं अंडं, उदबत्तीचा धूर खाडीच्या दिशेला, ओहोटी.’ ओहोटी कशाला? कारण खाडीच्या चिखलातले जिवाणूही प्राणवायूविना जगताना हाच वायू सोडतात, आणि सांडपाण्याच्या नाल्यातही तेच घडतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो. वास ओहोटीबरोबर आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर येत असेल, तर कारखान्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. भरती असो की ओहोटी, वारा पूर्वेचा असतानाच येत असेल, तर गोष्ट वेगळी. दोन-तीन नोडांतल्या (नवी मुंबईच्या उपनगरांतल्या) वह्यांमधल्या वाऱ्याच्या दिशा नकाशावर मागे ओढल्या की रेषा साधारण कुठे मिळतात ते दिसतं. वारा वळणं घेतो, त्यामुळे एखादा प्लॉट नाही, फार तर एखादा भाग सापडेल.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री फिरताना दिसली, तेव्हा फोटोच पुरेसा बोलका होता. वायूचा फोटो निघत नाही. शिवाय १९८१च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम २६ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुनाच पुरावा म्हणून चालतो. आपण पिशवीत भरलेली हवा नाही. आणि अधिकारी दुपारी आले, तर वारा त्यांच्या पाठीशी, खाडीकडून असतो. म्हणून मंडळाला द्यायच्या अर्जात ‘असह्य वास येतो’ एवढंच लिहू नये. वहीची पानं जोडावीत आणि नमुना कोणत्या भागात, रात्री किती ते कितीच्या दरम्यान घ्यावा, ते मागावं.